चेन सॉची टू-इन-वन कानस: वई-बागायतीच्या कामासाठी घ्यावी का?

घ्यावी, पण सगळ्यांनी नाही. मशीन एक आणि ते चालवणारे हात तीन-चार असतील, किंवा चेन आणल्यापासून दातापुढच्या गेजला (दात लाकडात किती खोल शिरेल ते ठरवणाऱ्या उंचवट्याला) कुणी कानस लावलेलीच नसेल, तर स्टिल (Stihl) कंपनीची ही टू-इन-वन कानस पैसे वसूल करून देते. ज्याचा हात साध्या गोल कानशीवर बसलेला आहे आणि जो चार-पाच धारांनंतर गेजपट्टी ठेवून गेजची उंची बघतो, त्याला तिची गरज नाही. त्याने तेवढ्या पैशांत एक जादा चेन घेऊन ठेवावी.

वस्तू साधी आहे. दोन्ही टोकांना मुठी असलेली लांबट चौकट. तिच्यात दोन गोल कानशी, एक चपटी कानस आणि दातांच्या माथ्यावरून सरकणाऱ्या दोन गुळगुळीत दांड्या. गोल कानस दाताच्या खोबणीत फिरते तेव्हाच चपटी कानस त्याच दाताच्या पुढच्या गेजवरून फिरते. म्हणजे एका हातासरशी दोन कामं. दांड्या माथ्यावर टेकलेल्या असल्याने गोल कानस फार खाली बुडत नाही आणि वरही येत नाही. एका बाजूचे दात झाले की चौकट फिरवून दुसऱ्या बाजूचे घ्यायचे, आत काही उघडून बदलावं लागत नाही. पीफर्ड (Pferd) कंपनीच्या सीएस-एक्स या कानशीची रचनाही हीच आहे, त्यामुळे पुढचं सगळं तिलाही लागू.

या वस्तूची खरी किंमत आहे ती चपट्या कानशीत. दात लाकडात किती खोल शिरेल ते त्याच्या पुढचं गेज ठरवतं. दाताचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो, त्यामुळे प्रत्येक धारेला दात मागे सरकतो तसा तो बुटकाही होतो. गेज मात्र होतं तिथेच राहतं. काही धारांनंतर दोघांची उंची जवळपास एक होते. मग दात नखाला धरतो, बोटाला टोचतो, पण लाकडात शिरतच नाही. ‘धार आहे तरी कापत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. माणूस मशीन दाबून चालवतो, बार (ज्यावर चेन फिरते ती लांब पट्टी) तापतो, क्लच घसरतो आणि दोष इंजिनाला दिला जातो. लहान मशीनवरच्या ३/८ पी चेनला (३/८ इंच मापाची, बुटक्या दातांची चेन) दात आणि गेज यांत ०.६५ मिमीचा फरक लागतो. ही चौकट तो फरक आपोआप राखते.

नवी चेन असताना सुरुवातीच्या काही धारांना चपटी कानस गेजला लागतच नाही, नुसती वरून जाते. कानस खराब निघाली असं समजून दुकानात परत न्यायचं कारण नाही. गेज उंच होईल तेव्हाच ती लागणार.

मापाची गल्लत

घेताना सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते मापात. ही कानस एकाच पिचसाठी (चेनचं इंचातलं माप, म्हणजे सलग तीन रिव्हेटमधल्या अंतराचा निम्मा) असते, मागेपुढे करता येत नाही. ३/८ पी चेनला ४.० मिमी, .३२५ चेनला ४.८ मिमी, आणि मोठ्या मशीनवरच्या पूर्ण ३/८ चेनला ५.२ मिमी. घरगुती वापराच्या १४-१६ इंची बारवर बहुधा ३/८ पी असते. बाजारात भरपूर दिसणाऱ्या ५८ सीसीच्या चिनी मशीनवर २०-२२ इंची बार आणि .३२५ चेन असते. त्या मशीनसाठी ४.० ची कानस नेली तर दाताची खोबणी अरुंद होते आणि धार आकडीसारखी आत वळते. दोन दिवस झकास कापते, तिसऱ्या दिवशी बोथट.

पेटीवरचं नाव बघून माप ठरवू नका, चेन बघा. स्टिलच्या चेनवर गेजजवळ आकडा कोरलेला असतो: ६ किंवा पी म्हणजे ३/८ पी, २ म्हणजे .३२५, ३ म्हणजे पूर्ण ३/८. आकडा पुसला गेला असेल तर सलग तीन रिव्हेट घ्या आणि पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. १६.५ मिमी भरलं तर .३२५. १८.६ च्या आसपास भरलं तर ३/८, पण पी की पूर्ण हे त्यावरून कळत नाही, कारण दोघांचं पिच सारखंच आहे. तिथे दाताचा आकार बघावा लागतो. पी चेनचा दात बुटका आणि सडपातळ असतो. शंका असेल तर चेनच खिशात घालून दुकानात जावं, तोंडी माप सांगू नये.

वापरायची रीत

मशीन बंद, हातात मोजे. आधी चेन साफ करा. चीक आणि तेलात भिजलेला भुसा दातांवर असेल तर दांड्या माथ्यावर बसतच नाहीत आणि सगळं माप वर उचललं जातं. बार वाइसमध्ये घट्ट धरा. बागायतीत काम असेल तर खुंटात ठोकायचा लहान वाइस मिळतो, तो पिशवीत असावा. मांडीवर मशीन ठेवून धार काढणाऱ्याचे डावे दात लांब आणि उजवे तोकडे होणार हे ठरलेलं. चेन नेहमीपेक्षा थोडी घट्ट करा म्हणजे दात डुलणार नाही. काम झाल्यावर ती परत सैल करायला विसरू नका.

सगळ्यात तोकडा दात शोधा आणि तिथून सुरुवात करा. बाकीचे सगळे त्याच्या लांबीला आणायचे आहेत. चौकटीवरच्या कोनाच्या रेषा बारला समांतर ठेवा, म्हणजे माथ्याला ३० अंशांचा कोन मिळतो. चौकट आडवी, जमिनीला समांतर. मूठ खाली झुकली तर धार एका बाजूने पातळ होते. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, चौकटीवर बाणही असतो. परत येताना ती उचलून आणायची, घासत नाही. कानस एकाच दिशेने कापते आणि मागे ओढल्याने तिचेच दात मोडतात. शिवाय दाताचा बाहेरचा थर क्रोमचा असतो. बाहेरून आत कानसलं तर तोच थर किरकोळ कपच्यांनी उडतो आणि धार टिकत नाही.

रोजच्या धारेला प्रत्येक दाताला दोन-तीन हात पुरतात. जोर खाली नको, मागे दाताकडे हवा आणि तोही बेताचा. खाली दाबलं की खोबणी खोल होते. एका बाजूचे सगळे दात उरकून मग दुसरी बाजू. प्रत्येकाला सारखेच हात, मोजून.

१४ इंची बारच्या चेनला साधारण ५० ड्राइव्ह लिंक (बारच्या खोबणीत फिरणाऱ्या कड्या) असतात, म्हणजे २५ दात. विषम संख्या. डावा-उजवा-डावा असं चालत आलं की एका जागी एकाच बाजूचे दोन दात शेजारी-शेजारी येतात. कुणीतरी चेन चुकीची जोडली असं बघणाऱ्याला वाटतं, तशी ती नसते. उलट ती जागा उपयोगी आहे. तिथून मोजायला सुरुवात केली की मार्करची खूण लागत नाही, फेरी कुठे पूर्ण झाली ते बरोबर समजतं. १६ इंची बारला ५५ लिंक येतात, तिथे अर्थात मोजणी वेगळी.

चपट्या कानशीने गेजचा माथा सपाट होतो. एवढ्यावर थांबू नका. गेजची पुढची कड वेगळ्या चपट्या कानशीने हलकी गोल करा, नाहीतर ती लाकडात धडकत जाते आणि चेन थरथरते. हे काम टू-इन-वन करत नाही. कमी उसळीच्या काही चेनमध्ये गेजच्या पुढे ड्राइव्ह लिंकवर उंचवटा असतो. तो चपट्या कानशीखाली आला तर घाबरू नका, गेजबरोबर तोही उतरवायचाच असतो.

इथली माती, इथलं लाकूड

जर्मनीतल्या थंड जंगलासाठी केलेली वस्तू आपल्या गोव्यातल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीवर कशी वागते, हे बघणं गरजेचं आहे. चार महिने जोराचा पाऊस तांबड्या मातीवर आपटतो आणि माती उडून बुंध्याच्या सालीत बसते, साधारण गुडघ्याच्या उंचीपर्यंत. नेमकं तिथेच कापायचं असतं. डिसेंबरात साल कोरडी दिसते, पण तिच्या भेगांत बारीक रेती असते, आणि नवी चेन पहिल्याच खुंटावर बोथट होते. म्हणून कापायच्या रेषेवरची साल कोयत्याने वीतभर रुंद तासून घ्यावी. एका मिनिटाचं काम आहे, एक धार वाचते. सागात तर लाकडाच्या आतच सिलिका असते, तिथे साल तासूनही चेन लवकर जाते. साग कापायच्या दिवशी पेट्रोलच्या दर टाकीला दोन-तीन हात कानस मारायची तयारी ठेवावी.

धारेचा एवढा हट्ट कशासाठी? खुंटावरून धुमारे घ्यायचे असतील तर काप कसा झाला यावर पुढचं सगळं ठरतं. साग, माट्टी, किंदळ, गिरिपुष्प ही सगळी खुंटावरून चांगली फुटतात. काप जमिनीपासून १५ सेंमीच्या आत, गुळगुळीत आणि बाहेरच्या बाजूला उतरता हवा, म्हणजे पाणी साचत नाही. खुंट उंच ठेवला तर धुमारे वरच्या कडेला फुटतात आणि मोठे झाल्यावर वाऱ्याने सालीसकट निसटतात. जमिनीलगत फुटलेला धुमारा स्वतःची मुळं धरतो. बोथट चेन साल कापत नाही, फाडते. साल खोडापासून सुटली की त्या बाजूचे डोळे मेले. हाताच्या मनगटाहून जाड खोड असेल तर आधी पडायच्या बाजूने तिसऱ्या हिश्शापर्यंत कापावं आणि मग मागून, नाहीतर शेवटी सालीची पट्टी थेट मुळापर्यंत सोलून निघते. एका बाजूला कललेलं खोड मागून सरळ कापायला घेतलं तर उभं चिरून मागे उसळतं. त्या उसळीत माणसाची छाती असते.

वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी, पालवी फुटायच्या आधी. मुळांत साठा असतो आणि पावसापर्यंत धुमारे जरा घट्ट होतात. पहिल्या पावसानंतर प्रत्येक खुंटावर दोन-तीन जोमदार धुमारे ठेवून बाकीचे काढावेत. आणि हे सगळं सुरू करण्याआधी परवानगी. गोव्याचा १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा खाजगी जमिनीलाही लागू आहे, परसातला साग असला तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. खुंटावरून परत फुटणार आहे, हे कारण परवानगीच्या जागी चालत नाही.

काजूचं वेगळं. जुनी, उंच गेलेली, कमी धरणारी काजूची झाडं गुडघा ते कंबर उंचीवर कापून नव्या फुटव्यावर सुधारित जातीची कलमं बांधतात. इथे खोड जाड असतं आणि लाकूड मऊ, त्यामुळे बोथट चेनही कापून जाते आणि फसवते. कापलेला पृष्ठभाग मात्र केसाळ राहतो. तिथे ओल धरते, आणि खोडकिड्याला अंडी घालायला असली फाटलेली साल पाहिजेच असते. धारदार चेनने गुळगुळीत काप, त्यावर लगेच कॉपर ऑक्सिक्लोराइडचा लेप. काजूच्या चिकाने चेन चिकट होते, तो वाळण्याआधी रॉकेलच्या फडक्याने पुसावा. वाळल्यावर ब्रशनेही निघत नाही आणि टू-इन-वनच्या दांड्या त्या थरावरच चढून बसतात.

वईचं, म्हणजे जिवंत कुंपणाचं, काम याहून कटकटीचं. गिरिपुष्पाची वई म्हणजे हातभर अंतरावर उभी खोडं, मधे करवंदाच्या जाळ्या, पायथ्याला चिऱ्याचा गडगा (दगडी बांध) आणि बुंध्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वी ठोकलेली, आता लाकडाने गिळलेली काटेरी तार. इंग्लंडात वईची जिवंत खोडं जमिनीलगत पाऊण कापून आडवी निजवतात आणि उरलेल्या सालीच्या पट्टीवर ती जगतात. तिथे बार एका इंचाने जास्त गेला तर खोड मेलंच. आपल्याकडे तेवढी नाजूक कसरत नाही, कारण गिरिपुष्पाचा दांडा पहिल्या पावसात रोवला की मुळं धरतो आणि खिंडार तसंच बुजवलं जातं. पण तार आणि चिरा हे दोन वैरी आपले खास. तार बाहेर कुठे दिसते ते आधी चालत जाऊन बघा आणि तिच्या वीतभर वर कापा. दाट खोडांत बारचं टोक पाठच्या खोडाला लागलं की मशीन उसळतं. टोकाचा वरचा चतुर्थांश कशालाही लागू देऊ नये, आणि पुढचा ब्रेक चालतो की नाही हे दर सकाळी तपासावं.

कुठे कमी पडते

गडग्याला चेन लागली की टू-इन-वनची मर्यादा दिसते. चिऱ्याने दाताची कड गोल होते, क्रोमचा थर उडतो आणि माथ्यावर चकाकणारी बारीक रेघ दिसते. उजेडात चेन तिरकी धरून बघा, धारदार कड चमकत नाही, बोथट कड चमकते. ही रेघ पूर्ण जाईपर्यंत दात मागे न्यावा लागतो, कधी मिलिमीटरभर, कधी जास्त. टू-इन-वनने ते करायला बसलात तर तेवढ्याच वेळा चपटी कानस गेजवरून फिरते आणि हात आखडून जातो. अशा वेळी साध्या गोल कानशीने आधी दात मागे आणावेत आणि शेवटचे तीन-चार हात टू-इन-वनचे. दोन-तीनच दात उडाले असतील तर सगळी चेन त्यांच्या मापाला आणून उगाच पोलाद घालवू नका. ते दात जमेल तेवढे काढा आणि पुढच्या धारांत हळूहळू बरोबरीला येऊ द्या. तोकडा दात थोडं कमी कापेल, बिघडत काही नाही.

दुसरी मर्यादा झिजलेल्या चेनची. दाताच्या माथ्यावर मागच्या बाजूला झिजेची खूण कोरलेली असते. दात त्या खुणेपर्यंत आला की चेन संपली. चौकट तुम्हाला ते सांगत नाही, ती शेवटपर्यंत प्रामाणिकपणे कानसत राहते.

तिसरी तक्रार, ०.६५ चा फरक पक्का आहे, बदलता येत नाही. काजू-गिरिपुष्पासारख्या मऊ ओल्या लाकडात जाणते लोक गेज किंचित आणखी उतरवतात, चेन भरभर खाते. ही चौकट ते करू देत नाही. नवख्या हातात मशीन असेल तर हाच गुण समजावा, कारण जास्त उतरवलेलं गेज म्हणजे झटके, उसळी आणि ताणलेला क्लच.

धार बरोबर झाली की नाही ते भुश्यावरून कळतं. जाड, लांबट तुकडे पडले तर ठीक. पीठ पडलं तर दात बोथट किंवा गेज उंच. मशीन एका बाजूला वळत कापत असेल तर त्या बाजूचे दात लांब आहेत, किंवा बारची एक कड झिजली आहे. हे ओळखायला बार उलटा लावून बघा: वळण्याची दिशा बदलली तर दोष बारचा, तीच राहिली तर दातांचा.

दुकानातलं ग्राइंडर की कानस?

चेन दुकानात देऊन ग्राइंडरवर धार करून घेणं सोयीचं वाटतं. नीट चालवणाऱ्याच्या हातात ते उत्तमही होतं, विशेषतः चिऱ्याला लागलेल्या चेनला. पण घाईत दाबून धरलेला दगड दाताची कड निळी करतो. निळी कड म्हणजे पोलाद जळलं. वरचा थर कडक आणि ठिसूळ होतो, त्याच्यावर नंतर कानस घसरते, चावत नाही. चेन परत घेताना प्रत्येक दात उजेडात बघावा, निळसर दिसला तर तिथेच सांगावं. शिवाय ग्राइंडरवर दर वेळी जेवढं पोलाद जातं तेवढ्यात कानशीच्या कित्येक धारा होतात. वर्षातून एकदोनदा ग्राइंडर, बाकी कानस, हा हिशेब पटण्यासारखा आहे.

बॅटरीवर चालणारी स्वस्त धार-यंत्रं मिळतात, लहान गोल दगडाची. दगड झिजत जातो तसा त्याचा व्यास कमी होतो आणि खोबणीचं माप चुकतं. वेगाच्या मोहात पडू नये.

धार जागेवर असूनही काम होत नसेल तर कानशीचा दोष नाही. दर चेनला बार उलटा लावा, खोबणीतला भुसा पातळ पत्र्याने खरवडा, तेलाचं भोक मोकळं करा, कडांवर आलेली धारदार कोर चपट्या कानशीने काढा. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) अर्ध्या मिलिमीटरहून खोल घळी पडल्या असतील तर ते बदला, नाहीतर नवी चेनही त्याच्या पिचला ताणली जाते. साधारण दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेटही संपलेलं असतं.

तेलाची मात्र बरीच चालढकल होते. गाडीतून काढलेलं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून घालतात. त्यातली धातूची कणी पंपात आणि बारच्या खोबणीत घासत राहते, आणि कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) झऱ्याजवळ ते जमिनीत मुरतं ते वेगळंच. खोबरेल घालणारेही आहेत. ते २४ अंशांच्या खाली गोठतं. सत्तरी-सांगे या तालुक्यांत जानेवारीच्या पहाटे टाकीत गोठलेलं खोबरेल पंपाला चढत नाही, आणि कोरडी चेन दहा मिनिटांत बार निळा करते. चेन ऑइलच वापरा, आणि सुरू करताना बारचं टोक कोरड्या लाकडासमोर धरून बघा, तेलाचे थेंब उडाले पाहिजेत.

पेट्रोलचंही एक सांगायला हवं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिनाभर डब्यात ठेवून वापरू नये. १:५० म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, लागेल तेवढंच कालवावं. पावसाळ्यात मशीन पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

आता कानशीच्या देखभालीचं. समुद्राची हवा आणि पावसाळा, दोन्ही कानशीचे शत्रू. पण तिला तेल लावू नका. तेलात भुसा चिकटतो आणि कानशीचे दात भरतात. ब्रशने झटकून, खडू घासून, कोरड्या डब्यात ठेवा. आतल्या तिन्ही कानशी बदलता येतात. गोल आधी झिजतात. दातावर घसरू लागल्या की समजावं, आणि दोन्ही एकदमच बदलाव्यात, नाहीतर एका बाजूचे दात लांब राहतात. चपटी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. म्हणून पूर्ण संच विकत घेण्याआधी दुकानात आपल्या मापाच्या सुट्या गोल कानशी मागा, आणि त्यांची लांबी चौकटीतल्या जुन्या कानशीला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.